दारामागची खुर्ची

खुर्चीची पाठ दाराच्या मुठीखाली इतकी घट्ट अडकवली होती, की मावशीनं खांद्यानं रेटल्यावर कुठं खुर्ची धाडकन आडवी झाली... आणि आत कुणीच नव्हतं. घडी घातलेलं पांघरूण. उघडी खिडकी. खिडकीच्या चौकटीवर बुटाची माती — आणि बाहेर धुकं, समोरचं झाडही दिसू नये असं.

काल संध्याकाळी ती मुलगी एकटीच आली होती. लांबच्या वाटेनं चालणारे या मुक्कामघरात आले की आधी गरम पाणी विचारतात, हिनं दारामागं बघितलं आणि विचारलं, "कडी कुठंय?"

"काढल्यात गं सगळ्या. मागं एकजण आतून कडी लावून तापानं बेशुद्ध पडला, दार फोडावं लागलं. तुमच्याच जिवासाठी!"

केवढ्या तोऱ्यात सांगितलं मी. स्वतःच्या हातानं काढलेल्या कड्या... दारावर स्क्रूची भोकं तेवढी उरलेली.

आणि मग ती चालणाऱ्या पोरांची टोळी. दरवर्षी येणारी, ढोल्या त्यांचा म्होरक्या. जेवायच्या आधी चालायच्या काठ्यांनी एकेक दार बडवत जायचं, "बाहेर या, नाहीतर आम्ही आत येतो!" — हा त्यांचा रिवाज, आणि त्यावर हसायचं हा मावशीचा. कालही ती हसली. मुलगी जेवायला आलीच नाही, तेव्हा दाराबाहेरून म्हणाली, "वांड आहेत गं, पण मनाची वाईट नाहीत." हे तिला कुणी विचारलं होतं? नवरा गेल्यापासून हे घर खायला उठतं, आणि ती पोरं मावशी मावशी करत ते भरून टाकतात — म्हणून त्यांना गप्प करायला जीभ रेटत नाही. खरं एवढंच आहे.

वरच्या मुक्कामाचे काका. चालणारा पोचला की वरच्यानं खालच्याला फोन करायचा, अशी पद्धत. आज तिनंच केला.

"अजून नाही आली. एवढ्या धुक्यात डोंगराच्या धारेवरून एकटीला जाऊ दिलंस?"

"मला न सांगता गेली हो."

"दारातून जाताना दिसली नाही?"

मुलगी दारातून गेलीच नाही, हे काही मावशीच्या तोंडून निघेना.

"मी इकडून शोधत निघतो," काका म्हणाले. "काय ते कळलं की फोन करतो."

दुपार झाली तरी धुकं हलेना. टोळीही अडकलेली. मावशी पुन्हा मुलीच्या खोलीत आली, दार लोटलं, खुर्ची उचलली, सहज मुठीखाली अडकवून बघितली — अशीच ना? — आणि पलंगाच्या कडेवर बसली. इथं बसल्यावर दार किती पातळ वाटतं...

काठ्या वाजू लागल्या. पहिलं दार. दुसरं. मग हेच, तिच्या तोंडासमोर. फळी थरथरली.

"मावशी, बाहेर या, नाहीतर आम्ही आत येतो!"

हशा. ओळखीचा आवाज, ढोल्याचा, तिच्या हातचं जेवून मोठा झालेला. वेडी का मी, पोरंच तर आहेत... पण खुर्ची हलली, आणि तिनं दोन्ही हातांनी ती दाबून धरली.

तेवढ्यात पलीकडे फोन वाजू लागला.

"मावशी, फोन!"

सापडली असेल. किंवा — उठायला हवं. फोन वाजतच होता, तिचा सगळा जीव त्या फोनात होता, आणि खुर्चीवरचे हात काही केल्या सुटत नव्हते.