बासरी न वाजलेली संध्याकाळ

फू फू करू नका, मित्रांनो! आधीच सांगून ठेवतो. माझ्यासमोर येणारा प्रत्येक माणूस आधी तोंडावर फुंकर मारतो, मग बोटाने टकटक करतो आणि वर विचारतो, "ऐकू येतंय का?" अहो, येतंय! मी रेडिओ केंद्रावरचा माइक आहे. म्हातारा झालो असेन, बहिरा झालेलो नाही. समोरच्याच्या पोटातली गुडगुडसुद्धा मला ऐकू येते. कुणाला सांगत नाही, हा माझा चांगुलपणा.

माझ्या पोटात धातूची एक पट्टी आहे, कांद्याच्या सालीहून पातळ. तुम्ही बोललात की ती थरथरते आणि तेच माझं ऐकणं. फुंकर मारली तर ती फाटायची, म्हणून तर एवढा कंठशोष. कारखान्यात एका बाईंनी ती पट्टी चिमट्याने उचलून माझ्यात बसवली. हात हलू नये म्हणून त्यांनी श्वास रोखून धरला होता. म्हणजे या जगात आल्या आल्या मी काय ऐकलं, तर कुणीतरी गप्प राहिल्याचं. तेव्हा मला त्यात काही गंमत वाटली नाही. कधी एकदा कुणी बोलतंय, असं मला होऊन गेलं होतं.

रेडिओ केंद्रावर आलो आणि माझी चंगळ झाली. स्टुडिओच्या भिंतींना भोकाभोकांच्या फळ्या होत्या, टेबलावर जाड कापड होतं आणि मधोमध मी. माझ्यासमोर गाणी झाली, बातम्या झाल्या, हवामान झालं. पण माझा खरा जीव नाटकांवर. नाटकातली माणसं कशी मोकळी! मनात आलं की घडाघडा बोलणार, हुंदके देणार, गळ्यात पडणार. मीसुद्धा आतून यथेच्छ थरथरून घ्यायचो. लोक म्हणायचे, "काय आवाज आहे!" कौतुक नटांचं व्हायचं, पण त्यातलं अर्धं मी परस्पर स्वतःकडे वळवून घ्यायचो.

आता माझ्यासारख्या बोलघेवड्याचा सांभाळ कुणाकडे असावा? तर घुमेकाकांकडे! काचेपलीकडच्या खोलीत बसून बटणं फिरवणारे आमचे तंत्रज्ञ. त्यांचं खरं आडनाव सगळे विसरले होते. माणूस घुमा, म्हणून घुमेकाका. त्यांच्या टेबलावर एक काळं बटण होतं. ते अंगठ्याने दाबून धरलं, की त्यांचा आवाज आमच्याकडे स्टुडिओत यायचा. अंगठा काढला की बंद. त्या बटणातून मी वर्षानुवर्षं काय ऐकलं? "जरा मागे." "जरा पुढे." "चला." झालं! मोठ्या गवयाने गळा काढून गावं आणि काकांनी म्हणावं, "ठीक." मला तर वाटायचं, या गृहस्थाला घरी जेवायला वाढतात तरी कसं? हा पोळी मागतच नसेल.

पण हात बघावेत तर त्यांचे. रोज सकाळी मऊ फडक्याने मला पुसायचे. माझी वायर कधी कोपरावर गुंडाळली नाही, तिच्या कलाने वेटोळं करून ठेवायचे. मला सर्दी होऊ नये म्हणून पिशवीसुद्धा शिवून घेतली होती. हे सगळं करताना एक अक्षर बोलतील तर शपथ.

त्याच खोलीत फळीवर एक पेटी होती. तिला सगळे 'चोमडं' म्हणायचे. रेडिओवर शांतता पसरली तर ऐकणाऱ्याला वाटतं, रेडिओच बिघडला. म्हणून ही पेटी. स्टुडिओत जरा जास्त वेळ कुणी बोललं नाही, की तिचा लाल दिवा लागायचा आणि आपोआप बासरीची टेप सुरू व्हायची. एकदा आमचे निवेदक आजोबा बातम्या वाचता वाचता पेंगले. चोमड्याने त्यांना वाचवावं ना? पण आजोबा घोरत होते! घोरणं म्हणजे आवाज. चोमडं ढिम्म. घुमेकाका चहाचा कप टाकून बटणाकडे धावेपर्यंत सगळ्या गावाने ते घोरणं ऐकलं. एका श्रोत्याने तर फोन करून विचारलं, "हा कुठला राग?"

तर मित्रांनो, असा मी. आवाजाचा भक्त आणि शांततेचा वैरी. माझी खोड मोडली ती घुमेकाकांच्या लेकीने.

लेकीला परगावच्या एका छापखान्यात नोकरी लागली होती. पहिलीच नोकरी. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. आणि त्याच संध्याकाळी आमच्या गोष्टींच्या कार्यक्रमात तिने लिहिलेली गोष्ट ती स्वतः वाचणार होती. कार्यक्रम थेट जायचा, म्हणजे चुकलं तर चुकलं. दुपारी ती सरावाला आली. कार्यक्रम बघणाऱ्या मोठ्या बाईंनी तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि विचारलं, "काय गं, बाबा खूश असतील नोकरीवर?"

"काय माहीत," लेक म्हणाली. "पत्र आलं त्या दिवसापासून एक शब्द बोललेले नाहीत. आई दोघांच्या वाटचं बोलते. पण बाबांना मी जावंसं वाटतंय की नको, तेच कळत नाही. नुसतं 'जा' म्हणाले असते ना बाई, तरी मी उड्या मारत गेले असते."

आवाज हसरा होता तिचा. पण मी माइक आहे, मला त्याच्या खालचं ऐकू आलं. पोरीला निघायच्या आधी बापाकडून एक 'जा' हवं होतं.

मग तिने गोष्ट वाचली. बाप आणि मुलगी स्टेशनवर बसलेत. मुलगी परगावी निघालीय. बाप विचारतो, "पाणी घेतलंस?" ती म्हणते, "घेतलं." आजूबाजूला हमाल, फेरीवाले, नेहमीची धावपळ. बाप वाकतो, तिच्या ट्रंकेची दोरी सोडतो आणि परत बांधतो. मुलगी म्हणते, "बाबा, घट्टच होती." बाप म्हणतो, "हो." मग कुणी काही बोलत नाही. मग गाडी येते.

संपली गोष्ट! मी म्हटलं, हे काय? ना मिठी, ना हुंदका, ना 'बाळ, जपून राहा'! हिला शब्द काय रेशनवर मिळाले होते? मोठ्या बाईंचंही तेच म्हणणं पडलं. "छान आहे गं, पण जरा अळणी वाटतेय. गाडी यायच्या आधी 'बाप ढसाढसा रडला' एवढं घाल. बघ कशी रंगत येते."

"आमच्याकडे नाही रडत कुणी," लेक हसून म्हणाली. "दोरी बांधतात."

पण खरी पंचाईत पुढेच होती. 'हो' झाल्यावर ती थांबली. चांगली थांबली. गोष्टीत ती दोघं गप्प होती, म्हणून हीसुद्धा गप्प. काचेपलीकडे लाल दिवा लागला आणि चोमड्याने बासरी सुरू केली! स्टेशन गेलं, बाप गेला, उरली नुसती पूं पूं. बाई तोंडावर पदर धरून हसल्या. मीही हसलो असतो, पण लेकीचा चेहरा उतरला होता.

काकांचा अंगठा बटणावर गेला. "थांबू नकोस. पुढे वाच."

"इथे थांबायचंच आहे, बाबा."

"का?"

"त्या बापाला काहीतरी सांगायचंय."

"मग सांगू दे की. कागदावर तर काहीच नाही."

लेक काचेतून त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पान उलटलं. काकांनी अंगठा काढला. मला भारी राग आला. अहो, ती गोष्ट कुणाची आहे, हे मला कळलं, बाईंनाही कळलं असावं, आणि ज्याला कळायला हवं तो बसलाय बटणं पुसत!

संध्याकाळ झाली. लेक माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या आईने म्हणे घरी रेडिओ खिडकीत मांडून आवाज मोठा केला होता, म्हणजे सगळी गल्ली ऐकेल. थोडाच वेळ उरला होता. इतक्यात घुमेकाका स्टुडिओत आले. माझ्या स्टँडच्या स्क्रूला त्यांनी हात घातला, तो सैल केला, आणि परत आवळला. मी एक केसभरही हललो नव्हतो हो! सकाळीच त्यांनी स्वतः मला नीट बसवलं होतं.

"बाबा, घट्टच होता," लेक म्हणाली.

"हो," काका म्हणाले.

आणि त्यांचा हात तिथेच थांबला. स्क्रूवर. मी त्यांच्या छातीपासून वीतभर अंतरावर होतो, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू आलं. श्वास गेला तो परत यायचं नावच घेईना. त्यांनी एकदा स्क्रूकडे बघितलं, एकदा तिच्या हातातल्या कागदाकडे. मग पाठ फिरवून काचेपलीकडे निघून गेले.

कार्यक्रम सुरू झाल्याचा दारावरचा दिवा लागला. लेकीने वाचायला सुरुवात केली. आवाज आधी जरा कापरा होता, मग सावरला. स्टेशन आलं, पाणी घेऊन झालं, बाप दोरीशी वाकला. मला चोमड्याची धाकधूक लागलेली. आता 'हो' येणार, मग ही थांबणार, मग ते मेलं पूं पूं करणार आणि पोरगी उद्या तशीच गाडीत बसणार.

"'हो,' बाप म्हणाला," तिने वाचलं. आणि ती थांबली.

मी काचेतून बघितलं. घुमेकाका खुर्चीतून उठले होते. त्यांनी फळीमागे हात घातला आणि चोमड्याची पिन भिंतीतून सरळ उपटली! उभ्या आयुष्यात ज्या माणसाने रेडिओवर क्षणाची शांतता पडू दिली नाही, त्याने! एवढ्यावर थांबले नाहीत. माझ्या आवाजाचं बटण त्यांनी हळूहळू वर नेलं. त्यामुळे काय झालं, तर लेकीचा श्वास घराघरांत ऐकू जायला लागला. तिने गिळलेला आवंढा गेला. खुर्चीची बारीकशी करकर गेली. मित्रांनो, त्या वेळी मी जे ऐकलं, ते मला कुठल्याच नाटकात मिळालं नव्हतं. तिथे एक शब्द नव्हता, आणि तरी माझी पट्टी थरथरत होती.

"मग गाडी आली," तिने वाचलं. दारावरचा दिवा विझला.

त्या क्षणी मोठ्या बाई धावत काकांच्या खोलीत शिरल्या. काचेतून त्यांचे हातवारे तेवढे दिसत होते. इतक्यात आमच्या स्टुडिओत त्यांचा आवाज घुमला, "अहो घुमेकाका, मशीन बंद पडलं की काय? केवढा वेळ सगळं गप्प होतं!"

आणि मग काकांचा आवाज. "गप्प कुठे होतं? तिथे तिचा बाप बोलत होता."

ते बटण अंगठ्याने दाबून धरल्याशिवाय आवाज पलीकडे येत नाही, हे मी तुम्हाला मघाशी सांगितलंय. चुकून दाबलं जाण्यातलं ते बटण नाही. काकांनी ते दाबून धरलं होतं आणि ते काचेतून सरळ लेकीकडे बघत होते.

लेक हसली. डोळे पुसले आणि माझ्याकडे वाकली. "बाबा, माझ्या ट्रंकेला दोरी नाहीये."

"घरी आहे," बटणातून आवाज आला. "बांधून देतो."

हेच ते 'जा' होतं! मला आनंदाने इतकं भरून आलं की माझ्यातून जरा खरखर निघाली. काकांनी लगेच आवाज कमी केला. शेवटी तंत्रज्ञच.

पुढचं थोडक्यात सांगतो. नंतर पेन्सिलीएवढे बारीक नवे माइक आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. धूळ खाल्ली, कोळ्यांशी ओळखी झाल्या. रुसलो होतो, खोटं कशाला बोलू? चोमडं भंगारात गेलं, त्याचं मात्र मला काडीचं दुःख झालं नाही. घुमेकाका निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, "आठवण म्हणून काय देऊ?" काका म्हणाले, "तो माइक." म्हणून आज मी त्यांच्या घरी, फोनशेजारच्या फळीवर राहतो. रोज सकाळी मऊ फडकं फिरतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला काकू आवर्जून सांगतात, "दोरी इतकी आवळली होती यांनी, की पोरीला तिकडे पोचल्यावर शेजारून कात्री आणावी लागली!"

सुट्टीच्या दिवशी लेकीचा फोन येतो. काका विचारतात, "पाऊस आहे का तिकडे?" ती सांगते, 'आहे' किंवा 'नाही'. मग दोघं गप्प. कुणीही फोन ठेवत नाही. स्वयंपाकघरातून काकू ओरडतात, "अहो, बोला की काहीतरी!" मी मात्र फळीवर बसून मनापासून ऐकत असतो. बासरी वाजत नाही, हे केवढं सुख!

तेव्हा मित्रांनो, या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. माझ्या जातभाईंवर फुंकर मारू नका, त्यांच्या वायरी कोपरावर गुंडाळू नका. कुणी बोलता बोलता थांबलं, तर लगेच मधे तोंड घालून चोमडेपणा करू नका. आणि उद्या तुम्ही कुठे निघालात, आणि घरातलं कुणी तुमच्या पिशवीचा बंद सोडून परत बांधायला बसलं, तर 'घट्टच आहे हो' म्हणून हात ओढून घेऊ नका. बांधू द्या त्यांना.