निरोपाच्या काड्या

आयर्लंडमधल्या नास गावात माझ्या घरापासून दहा मिनिटांवर चिझुरू राहते. आम्ही एकाच फार्मा प्लांटमध्ये कामाला आहोत. तिच्या जपानी रीतीप्रमाणे ऑगस्टमध्ये चार दिवस मेलेली माणसं घरी येतात. तेराला दारात काड्या जाळून त्यांना बोलवायचं आणि सोळाला तशाच काड्या जाळून पोचवायचं. काड्या भांगेच्या झाडाच्या, साल काढलेल्या, पांढऱ्या, आतून पोकळ. तिच्या गावी गवती छपराखालीही त्याच अंथरतात म्हणे.

तिचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. सुटली बिचारी! तिचं डावं मनगट अजून वाकडं आहे, ते त्याच्याच कृपेने. मी पडले फटकळ. विचारलं, "मग त्या मेल्याला बोलावतेस कशाला?"

"बोलावलं की पाठवता येतं," ती म्हणाली. "न बोलावता आला, तर राहील."

यंदा सोळाला तिला अचानक शिफ्ट लागली. किल्ली आणि काड्यांची जुडी तिने माझ्या हातात दिली. "त्याला नीट पाठव, वीणा. प्लीज."

पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई "भांग? अगोबाई!" करत माझ्याबरोबर निघाल्या. संध्याकाळचे सात वाजले होते, लख्ख उजेड होता. चिझुरूच्या दारात मी काड्या पेटवल्या. वारा अजिबात नव्हता, तरी धूर दाराकडेच वळत होता. मला ते आवडलं नाही. सासूबाईंनी मात्र गणपती पोचवावा तसं सगळं साग्रसंगीत केलं. दही-पोहे ठेवले, हात जोडले आणि चिमूटभर राख वाटीत घेऊन आत त्याच्या फोटोपुढे ठेवली.

"विसर्जनाहून रिकाम्या हातानं परतू नये," त्या म्हणाल्या. आमच्याकडे तसंच करतात. दार मीच उघडून दिलं.

साडेआठला चिझुरूचा फोन आला. ती घरासमोर गाडीत बसली होती. "राख कुठे टाकलीस?"

मी मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं.

"वरच्या खोलीतला दिवा तू लावलास?"

"नाही गं. आम्ही वर गेलोच नाही."

"चिझुरू, तशीच मागे फिर. माझ्याकडे ये राहायला."

"आता नको," ती हळूच म्हणाली. "त्याने गाडीचा आवाज ऐकला असेल. उशीर केला की तो जास्त चिडतो."