घराला आलेलं आवतण

भामाने मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात सोडली आणि खुंट्याला हात घातला, तसे सहा कॅमेरे एकदम चमकले. ओवीचा पहिला शब्द तिच्या तोंडातच राहिला. पाहुण्यांतली एक उंच बाई हात जोडून सॉरी म्हणाली. भामा हसली, पदर सारखा केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या या घरात दर गुरुवारी असंच चालायचं. गॅसची शेगडी जुन्या लुगड्याच्या पडद्याआड जायची आणि मिक्सर कपाटात. एरवी सफारी घालणारे हिम्मतराव, भामाचे सासरे, फेटा बांधून दारातल्या खुर्चीत बसायचे. घरचं पीठ गेली बारा वर्षं गिरणीतून येत होतं, हे पाहुण्यांना कुणी सांगत नसे. त्यांनीही कधी विचारलं नाही.

हे सगळं अपर्णाचं. नवरा कॉम्प्युटरच्या कंपनीत, म्हणून ती चार वर्षांपूर्वी पुण्याहून हैदराबादला आली. परदेशी प्रवाशांनी चारमिनार पाहून नुसतं परत जाऊ नये, एखाद्या घरात बसून जेवावं, आणि त्यातून घरच्या बाईच्या हाती काही पडावं, असं तिच्या मनात आलं. तिने संस्थेला ‘अंगण’ नाव दिलं आणि गल्लीतली पाच मराठी घरं गाठली. चार घरं नाहीच म्हणत होती. हिम्मतराव हो म्हणाले, मग ती घरंही हो म्हणाली.

नऊ देशांची माणसं भामाच्या स्वयंपाकघरात येऊन गेली होती. भामा मात्र दहा मिनिटांवरच्या बेगम बाजारात लग्नानंतरच्या एकोणीस वर्षांत एकदाही एकटी गेली नव्हती. तिथं घरची मिरचीची आडत होती. सून बाजारात दिसली तर लोक काय म्हणतील, एवढ्यावर तो विषय संपायचा.

त्या गुरुवारी पाहुणे गाडीत बसल्यावर अपर्णा मागे थांबली. तिच्या हातात पत्र होतं.

“हॉलंडमधल्या एका गावातून आलंय, काका. तिथल्या बायका एकत्र येऊन भट्टी चालवतात, पाव भाजतात. त्यांनी ‘अंगण’ला बोलावलंय. एप्रिलमध्ये, पंधरा दिवस. प्रत्येक घरातून एकेक जण. सगळा खर्च त्यांचा.”

“कळवतो,” हिम्मतराव म्हणाले.

भामा ताटं उचलत होती. तिने सहाच्या सहा ताटं एकावर एक रचली आणि उचलायची विसरून तशीच उभी राहिली. तिला जायचं होतं. इतकं सरळ, इतकं जोरात तिला आयुष्यात काहीच हवंसं वाटलं नव्हतं. त्या बायका पीठ कशात मळतात, भट्टीपुढे बसून काही गातात की नाही, हे तिला पाहायचं होतं. आणि रस्त्याने एकटीने चालायचं होतं, मग तो रस्ता हॉलंडचा का असेना.

दोन दिवसांनी शेजारच्या सुनंदाला सोबत घेऊन ती कोपऱ्यावरच्या स्टुडिओत पासपोर्टसाठी फोटो काढून आली. दुपारी नवरा जेवायला आला, तेव्हा तिने विषय काढला.

“आबांना विचार,” शिवराज भाकरी मोडत म्हणाला. “त्यांनी हौ म्हणलं तर माझी काय ना आहे?”

विचारायची वेळच आली नाही. आठव्या दिवशी हिम्मतरावांनीच हाक मारली.

“सूनबाई, अपर्णाबाईला होकार कळवलाय.”

भामा चटकन वाकून पाया पडली. डोळे भरून आले होते, ते लपवायलाही वाकणं बरं होतं.

“सुखी राहा,” ते म्हणाले. “आता माझा तो काळा कोट काढून ठेव. ऊन दाखव त्याला. आणि फेट्यावर फोटो चालतो का म्हणून विचारायलोय मी. तिथं बिनफेट्याचं कसं जावं?”

तिला कळायला जरा वेळ लागला. पण त्यात कळण्यासारखं अवघड काही नव्हतं. हिम्मतरावांच्या गावी आवतण घराला यायचं. घरातलं एक माणूस बोलावलं की कर्ता माणूस फेटा बांधून जायचा आणि पंगतीला बसून घराचं नाव राखून यायचा. त्यांचे वडील तसेच जात. त्यांनी कुणाचं हिसकावून घेतलं नव्हतं. भामाचं नाव त्यांच्या मनातच आलं नव्हतं, आणि भामाला राग आला तो याचाच.

पुढच्या गुरुवारी तिने अपर्णाला पडद्याआड, गॅसजवळ गाठलं.

“ताई, बायकांनी बायकांना बोलावलंय ना? मग तुम्ही सांगा की मामंजींना.”

अपर्णाने पडदा नीट ओढून घेतला.

“सांगितलं असतं, भामाताई. पण ते दुखावले तर हे दार बंद होईल. आणि बाकीची चार घरं त्यांच्याकडेच बघून आहेत. त्यांनीही आता पुरुषांचीच नावं दिलीत.” तिचा आवाज खाली आला. “पुढच्या वर्षी नक्की बघू.”

बाहेर पाहुणे आले होते. भामा जाऊन जात्यापाशी बसली. काय करणार?

मार्चच्या शेवटी हिम्मतरावांना एक गोष्ट सुचली. तिकडच्या बायकांना ओव्या ऐकवायच्या, तर सूनबाईच्या ओव्यांची कॅसेट न्यावी. शिवराजने टेपरेकॉर्डर पाटावर मांडला, कोरी कॅसेट घातली, दोन बटणं एकदम दाबली आणि दुकानाला निघून गेला. हिम्मतराव समोर उभे राहिले.

“हं. म्हण.”

भामाने खुंटा धरला आणि जातं फिरवायला लागली. ज्वारीची टोपली तिच्या गुडघ्याला लागून होती. तिने तिच्यात हात घातला नाही.

रिकामं जातं फिरवू नये, हे त्या घरात पोरांनाही ठाऊक होतं. त्याने घरातलं धान्य उडतं म्हणत. लहानपणी हिम्मतरावांनी एकदा गमतीने फिरवलं होतं, तेव्हा आईने हातावर पळी मारली होती. दगडावर दगड घासल्याचा तो कोरडा, खरखरीत आवाज घरभर झाला. त्यात ओवी नव्हती.

“सूनबाई, दाणे घाल.”

जातं फिरतच राहिलं. जात्याच्या कडेने पिठाऐवजी करडी भुकटी गळायला लागली.

“दाणे घाल म्हणतो ना!”

“मामंजी,” भामा म्हणाली. हात थांबला नव्हता, मानही वर झाली नव्हती. “मला जायचं होतं.”

हिम्मतराव टेपरेकॉर्डरकडे वळले. बटणं सहा होती. बंद कुठल्याने करायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचं बोट एका बटणावरून दुसऱ्यावर गेलं आणि तसंच हवेत राहिलं. कॅसेटची चाकं फिरत होती. ते दारातल्या खुर्चीत जाऊन बसले. इतकी वर्षं त्या खुर्चीत बसून त्यांनी ओव्या ऐकल्या होत्या, आणि त्यांतली एकही त्यांना या क्षणी आठवेना.

बऱ्याच वेळाने भामा उठली. तिने बटण दाबलं, कॅसेट काढली, पदराने पुसली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

“घ्या,” ती म्हणाली. “तिकडं मोठ्या आवाजात लावा.”