अण्णांचा रंग

शाहूपुरीतल्या चहाच्या गाड्यावर गुंडू येऊन उभा राहिला आणि म्हाताऱ्या कृष्णातच्या हातातली बशी खाली पडली.

"आकाराम! लेका, तुझ्या मातीला मी गेलतो की!"

"काका, मी गुंडू. त्यांचा पोरगा."

"मग त्याचं तोंड घालून का फिरतोस?" असं म्हणत म्हातारा स्कूटर तिथंच टाकून पळाला.

गुंडूला आरशात दिसत होतंच. वर्षभरात अंगावर काळपट तांबूस झाक चढली होती, न घासलेल्या घंगाळासारखी. बोटं ठणकायची, मूठ मिटायची नाही, जिना चढला की धाप. वडलांचं, अण्णांचं, शेवटी असंच झालतं. थेंबभर दारू न चाखलेला माणूस, पण लिव्हर गेलं म्हटल्यावर भावकीनं बोलता बोलता बाटली त्यांच्या हातात दिली ती दिलीच.

खरी भीती घरात होती. आई धोंडुबाई त्याला बघितलं की डोक्यावर पदर घ्यायला लागली. मग तिनं त्याचं नाव घ्यायचं सोडलं. एक दिवस ताट वाढून म्हणाली, "अहो, जेवून घ्या."

गुंडूच्या घशात भाकरी अडकली. बायको, पूर्णिमा, पाणी घेऊन धावली आणि कुणास ठाऊक का, तिनंही तांब्या सासऱ्यासमोर ठेवावा तसा लांबनंच ठेवला.

देवऋषी आला. "आकाराम शिरलाय अंगात. भुताला लोखंडाचं भ्या. पोटातनं लोखंड घाला."

मग काय! उशाखाली अडकित्ता. लाल केलेली नाल बुडवून पाणी. लोखंडी तव्यावर रोज कलेजी. शेजारच्या चिमणाबाईनं सुनेच्या गरोदरपणातल्या उरलेल्या लोहाच्या गोळ्या डबाभर आणून दिल्या. त्या खाऊन गुंडूला पोटुशा बाईगत ओकाऱ्या सुटल्या. अण्णा जायचं राहिलं बाजूला, दिवसागणिक ठळक व्हायला लागले. दाढी करताना आरशातनं ते गुंडूकडं बघायचे, आणि नजर आधी गुंडूच वळवायचा.

शेवटी पूर्णिमानं त्याला दवाखान्यात नेलं. सासूही हट्टानं बरोबर आली.

"अंगात लोखंड साचलंय," डॉक्टर म्हणाले. "घराण्यातनं आलेला दोष. खाल्लेलं लोखंड तुमचं शरीर गरजेपेक्षा जास्त घेतंय आणि साठवतंय. लिव्हरात, सांध्यात, हृदयात. साखरपण त्यानंच वाढलीय, रंगही त्यानंच आलाय. वडलांचं हेच झालं असणार."

"आम्ही तर कलेजी चारतोय. आणि लोहाच्या गोळ्या," पूर्णिमा म्हणाली.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मारताय काय माणसाला? सगळं बंद! दर आठवड्याला एक पिशवी रक्त काढायचं. लोखंड उतरलं की रंगही उतरेल."

धोंडुबाई कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती.

पिशव्या भरत गेल्या. रंग फिका पडला, मूठ मिटायला लागली. गुंडूनं घरी आणून ठेवलेली स्कूटर न्यायला कृष्णात आला आणि न पळता चहा पिऊन गेला. आईचं तोंड मात्र उतरत चाललं. ती गुंडूच्या गालाकडं बघत बसायची, स्टँडवर कुणाला निरोप द्यायला आल्यागत.

आणि मग रिपोर्ट उलटा फिरला, लोखंड परत चढलेलं. डॉक्टर ओरडले. तसलं काही खाल्लं नाही म्हणून गुंडूनं शपथा घेतल्या, पण दाढी करताना आरशात अण्णा परत आलते.

एका दुपारी तो कामावरनं लवकर घरी आला. पूर्णिमा बाजारात गेलती. आई स्वयंपाकघरात खलबत्त्यात काहीतरी कुटत होती. शेजारी चिमणाबाईचा गोळ्यांचा डबा. कुटलेली पूड तिनं त्याच्या आमटीच्या वाटीत ढवळली.

"आई! मरीन की मी!"

तिनं पदर पुढं ओढला. वर बघितलं नाही.

"अजून चार दिस ऱ्हावा की," ती म्हणाली. "मागच्या खेपेला काय बोलायच्या आतच गेलासा."

गुंडूनं वाटी मोरीत ओतली. डबाही रिकामा केला. मग, का ते त्याचं त्यालाच कळलं नाही, तो तिच्यासमोर पाटावर बसला, अण्णांसारखा घसा खाकरला आणि म्हणाला,

"बोल. ऐकतोय."