मघोईचं शोकगीत

नैरोबीत नव्या बँडचं नशीब फुलायचं की कोमेजायचं, हे न्याबोकेच्या लेखणीवर असतं. वर्तमानपत्रात तिचं पान असतं आणि शनिवारी सकाळी रेडिओवर तिचा कार्यक्रम. 'सा सबा'च्या पहिल्या चार गाण्यांवर तिनं एकच ओळ लिहिली होती: "चहात साखर फार झाली आहे." त्यानंतर महिनाभर मुसेंबी बिनसाखरेचा चहा प्यायला. पठ्ठ्या एवढा मनाला लावून घेणारा.

'सा सबा' म्हणजे दोनच माणसं. मुसेंबी संगीताची यंत्रं सांभाळायचा, वाकेशो गायची. एरवी मुसेंबी रिव्हर रोडवर मामाच्या छापखान्यात कामाला होता. तिथे मुख्यतः अंत्यविधीच्या पुस्तिका छापत. मुखपृष्ठावर माणसाचा लंबगोल फोटो, भोवती पांढरी फुलं, कोपऱ्यात कबुतर, खाली जन्माची आणि मृत्यूची तारीख. हे काम मुसेंबी डोळे मिटून करू शके, आणि पुढे त्यानं ते तसंच केलं.

नवं गाणं वाकेशोनं थोरल्या बहिणीसाठी केलं होतं. मघोई तिकडे गावी, वोईला, आईच्या शेजारीच राहत होती, आणि तीन वर्षांत तिनं वाकेशोचा एकही फोन घेतला नव्हता. कारण सांगितलं तर परक्याला क्षुल्लक वाटेल. दोघी लहानपणापासून चर्चमध्ये जोडीनं गायच्या, वाकेशो वरचा सूर, मघोई खालचा. मोठ्या स्पर्धेच्या दिवशी वाकेशो नैरोबीतच राहिली, कारण बँडचा पहिलावहिला कार्यक्रम होता. तिकडे मघोई भरल्या चर्चमध्ये एकटी उभी राहिली आणि न गाताच खाली उतरली. नुसता खालचा सूर ऐकवून करायचं काय?

गाण्यात तरी काय होतं? तू नसलीस की घर ओळखू येत नाही, एवढंच पुन्हा पुन्हा. ते मघोईच्या कानावर पडावं आणि तिनं एकदा फोन करावा, यापलीकडे वाकेशोला काही नको होतं. बाकी जगानं ऐकलं नसतं तरी तिचं काही अडलं नसतं.

कव्हर करायला मुसेंबीला सवड नव्हती. त्यानं छापखान्यातला तयार साचा उघडला, मघोईचा फोटो लंबगोलात बसवला आणि तारखा पुसून टाकल्या.

"अरे, हे मयताचं दिसतंय," वाकेशो म्हणाली.

"तारखा आहेत का कुठे? तारखा नाहीत म्हणजे माणूस जिवंत. सगळ्यांची कव्हरं निळी-गुलाबी असतात, आपल्यापाशी लोक थांबतील तरी. आणि ताई बघ किती शोभून दिसतेय."

मघोई खरंच शोभून दिसत होती. वाकेशोनं हो म्हटलं.

न्याबोकेनं अख्खं पान लिहिलं. गेलेल्या बहिणीला इतक्या संयमानं दिलेला निरोप आपल्याकडच्या संगीतात आजवर ऐकला नव्हता, असं तिचं म्हणणं. मागून येणारा यंत्राचा सूर तिला पैलतीरावरून आल्यासारखा वाटला होता. मग काय, एकानं लिहिलं की बाकीचे तीच री ओढतात. कुणी मघोईला आजारानं मारलं, कुणी अपघातात. परदेशातल्या एका मासिकानं दहापैकी आठ गुण दिले.

"आठ!" मुसेंबी म्हणाला. "त्यातले आपले किती आणि मयताचे किती?"

वाकेशोला हसू आलं नाही. "खुलासा करू या."

"शनिवारी न्याबोकेनं रेडिओवर बोलावलंय ना? तिथेच सांगून टाक. गोडीनं सांग, बाई चांगली आहे."

शनिवारी न्याबोकेनं आधी गाणं लावलं. वाकेशोनं वाक्य पाठच करून ठेवलं होतं: एक छोटीशी चूक झालीय, माझी बहीण ठणठणीत आहे. गाणं संपलं. न्याबोकेनं चष्मा काढला आणि टेबलावरून हात पुढे करून वाकेशोचा हात धरला.

"माझीही धाकटी गेली गं. दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "मला रडूच येत नव्हतं. तुझं गाणं ऐकलं आणि पहिल्यांदा रडले. तुझं दुःख मला कळतं, पोरी. देव तुला बळ देवो."

अशा बाईला तोंडावर काय सांगायचं? वाकेशोनं पाठ केलेलं वाक्य बाजूला ठेवलं. "असांते," ती म्हणाली. आभार मानले तिनं, तेही अख्ख्या देशाला ऐकू जाईल असे.

दुपारी आईचा फोन आला.

"चर्चमधल्या बायका आल्यात. पीठ घेऊन, साखर घेऊन. तुझी ताई गेली म्हणे."

"आई, मी सांगते काय झालं ते."

"दारात कपडे वाळत घालत होती ती. दोघीजणी तिला बघून पळत सुटल्या. मग तिनंच सगळ्यांना बोलावलं, बसवलं आणि चहा केला. काय चाललंय गं तुझं तिकडे?"

मुसेंबी बिचारा समोर बसून म्हणत होता, मी कव्हर बदलतो, निदान कबुतर तरी काढतो.

तासाभरानं पुन्हा फोन वाजला. तीन वर्षांत ते नाव त्या पडद्यावर उमटलं नव्हतं.

"ताई," वाकेशो म्हणाली.

"रेडिओ लावला होता मी," मघोई म्हणाली. आवाज शांत होता. "गाणं ऐकलं. संपलं तेव्हा तुझा नंबर काढून बसले होते. म्हटलं, ती बाई काय बोलतेय ते होऊ दे, मग लावते."

वाकेशोनं डोळे मिटून घेतले.

"मग ती बोलली. आणि तू आभार मानलेस."

"ताई, तिची बहीण खरंच गेलीय गं. माझी जीभच उचलली नाही."

"ऐकलं ते. तिला आता काही सांगू नकोस. एकदा रडलीय बिचारी, तेही खोट्यावर रडले असं का वाटावं तिला?"

"मग मी काय करू?"

"काय करणार? काही करण्यासारखं ठेवलंयस का?" मघोई म्हणाली. "खालचा सूर मशीनकडून घेतलायस."

"हो."

"चौथ्या ओळीला चुकतो तो. तिथे श्वास घ्यायचा असतो. बाकी गाणं चांगलं झालंय."

एवढ्या लोकांनी एवढं लिहिलं, पण वाकेशो ज्या अभिप्रायासाठी झुरत होती तो हा. तिला रडू फुटलं.

"ताई, मी उद्याच वोईला येते."

"नको. आणि फोनही करू नकोस आता. गेलेल्या माणसाला कुणी फोन करतं का?"

मघोईनं फोन ठेवला. वाकेशोनं लगेच परत लावला. तिकडे तो नुसता वाजत राहिला.