चुन्यावर थांबलेला चेंडू

सामना सुरू होण्याआधी लॉनी ब्रेकनरने मैदानावरून माझ्या खिडकीकडे मान वर करून ओरडून सांगितलं, "मास्तर, आज पेन्सिलीला टोक काढू नका! समोरच्या संघाच्या रकान्यात लिहिण्यासारखं काही घडणार नाहीये."

असं तो प्रत्येक सामन्याआधी म्हणायचा. एकोणीस वर्षं तो बेसबॉलचा पगारी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता, अकरा संघांकडून खेळला. सर्वांत वरच्या लीगमध्ये त्याला नऊ दिवस मिळाले, त्यातले आठ बाकावर बसून गेले. कोपरावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. तरी "जगातला सर्वांत चांगला पिचर मीच, जगाला कोल्टरला यायला सवड होत नाही एवढंच," हे तो न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, कुठेही सांगे. ऐकणाऱ्याला ते खरं वाटे. निदान मला तरी वाटे.

मी कोल्टर गावच्या शाळेत ग्रंथपाल होतो आणि चोवीस वर्षं आमच्या मैदानावरचा अधिकृत गुणलेखक. फलंदाज धावत पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या टप्प्यावर, सुखरूप पोचला, तर तो स्वतःच्या फटक्याने पोचला की चेंडू अडवणाऱ्या कुणाच्या चुकीने, हे मी ठरवायचं. मग दोनांतलं एक बटण दाबायचं, की फलकावर तो दिवा लागतो. हे काम माझ्यासारख्याला का दिलं असेल, हे मला अजून उमगलेलं नाही. दुकानात दोन प्रकारच्या चीजमधलं एक निवडायला मला पाव तास लागतो. सामना संपला की मी मागच्या दाराने, कचऱ्याच्या पिंपांजवळून, गुपचूप घरी जायचो.

तो सप्टेंबरमधला रविवार होता, दुपारचा सामना. लॉनीचा शेवटचा. आठवडाभर आधी त्याने तसं जाहीर केलं होतं. मैदान राखणारा इमेट भल्या सकाळी येऊन चुन्याच्या रेषा ओढून गेला होता. त्या इतक्या पांढऱ्या होत्या की वरून बघताना डोळे दुखत.

नऊच्या नऊ डावांत समोरच्यांना एकही फटका न देता सामना काढणं लॉनीला एकोणीस वर्षांत एकदाही जमलं नव्हतं. त्याला हवं होतं ते एवढंच. "ते माझंच आहे, फक्त पोचायला उशीर होतोय," असं म्हणे.

त्या दुपारी ते पोचायला लागलं. पाच डाव झाले, सहा झाले, त्यांच्या फटक्यांच्या रकान्यात शून्य. असं काही चाललेलं असलं की त्याचं नाव काढायचं नाही आणि पिचरच्या जवळ बसायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. तो कुठल्या पुस्तकात नाही, पण पुस्तकातल्या नियमांपेक्षा कडक पाळला जातो. खेळाडूंचा बाक माझ्या खिडकीच्या खालीच होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. लॉनी सूर्यफुलाच्या बियांची पुडी घेऊन एकेकाच्या मागे फिरत होता.

"घे रे टोबिन. का पळतोस? मी काय मेलोय?"

टोबिन आमचा कॅचर, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. त्याने कानांवर हात ठेवले. "लॉनी, आईशपथ, गप्प बस."

"अरे, एकही फटका बसलेला नाही, एवढंच तर म्हणतोय!"

बाकावरचे सगळे एकदम विव्हळले. दृष्ट लागू नये म्हणून कुणीतरी लाकडाला हात लावला.

आठव्या डावात त्यांचे दोन गडी बाद झाले. मग त्यांच्या सर्वांत चपळ फलंदाजाने बॅट आडवी धरून ती चेंडूला नुसती टेकवली. अशा वेळी असा चोरटा डाव खेळणं बरं समजत नाहीत. लोक भडकले. चेंडू पहिल्या बेसकडे जाणाऱ्या रेषेच्या कडेकडेने घरंगळत निघाला. लॉनी धावला. चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला असता तरी उशीरच झाला असता.

"सोड! बाहेर जातोय!" टोबिन ओरडला.

चेंडू रेषेबाहेर गेला की तो मोजतच नाहीत, फलंदाजाला परत यावं लागतं. लॉनीने हात मागे घेतला. कमरेवर हात ठेवून तो चेंडूबरोबर चालू लागला, हट्टी गाईशी बोलावं तसा त्याच्याशी बोलत. "चल बाई, चल. अजून थोडं."

चेंडू रेषेवर चढला आणि तिथेच थांबला. चुन्यात रुतल्यासारखा. रेषेवरचा चेंडू आतलाच मानतात, म्हणून पंचाने आत असल्याची खूण केली.

चार हजार माणसं माझ्या खिडकीकडे वळली. "चूक! चूक!" असा घोष सुरू झाला. चुकीचा दिवा लागला असता तर लॉनीचं शून्य शाबूत राहिलं असतं. पण चेंडूला कुणी हातच लावला नव्हता, आणि अंदाज चुकला तर ती चूक म्हणून नोंदत नाहीत. मला चीजच्या दुकानात होतं तसं काही होईल म्हणून मी वाट पाहिली. झालं नाही. मी फटक्याचं बटण दाबलं.

वीस वर्षं पुस्तकं परत न केलेल्या लोकांनीसुद्धा मला शिव्या दिल्या. लॉनीने एकदा वर पाहिलं, टोपी सारखी केली, आणि उरलेले चारही फलंदाज, त्या डावातला एक आणि नवव्यातले तीन, त्याने ओळीने बाद केले. आम्ही तीन-शून्यने जिंकलो. टाळ्या मात्र अर्ध्याच वाजल्या.

आमच्या संघाचा व्यवस्थापक डॅनफर्थ धापा टाकत जिना चढून आला. "मास्तर, चोवीस तासांच्या आत निर्णय बदलता येतो. टाका की चूक म्हणून. कुणाचं काय जातंय?"

"कुणाची चूक लिहू?"

"लॉनीची! त्याला चालेल!"

"त्याने हात लावला नाही, डॅनफर्थ. तो फटकाच आहे."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. हा शब्द मी फारसा वापरत नाही.

त्याच्या मागे लॉनी उभा होता, तोच चेंडू हातात घेऊन. त्याची एक बाजू चुन्याने माखली होती. "मास्तर, खाली चला."

मी त्याच्यामागे जिना उतरलो. मैदान रिकामं होत होतं. त्याने मला रेषेजवळ उभं केलं. "तो बाहेर जाणार होता. बघा." त्याने चेंडू तेवढ्याच हलक्या हाताने घरंगळत सोडला. चेंडू पुसट झालेली रेषा ओलांडून बाहेर गेला. पुन्हा सोडला. पुन्हा बाहेर. दहा वेळा सोडला, दहाही वेळा बाहेर. मी गांगरलो.

"बघितलंत? मी बरोबर होतो."

"होतास," मी म्हणालो. "पण तेव्हा तो थांबला."

इमेट टोपी हातात घेऊन कधीचा बाजूला उभा होता. "लॉनी," तो म्हणाला, "आज चुना मी दुप्पट टाकला होता. तुझा शेवटचा सामना, म्हणून... शोभा यावी म्हणून."

लॉनी असा हसला की वरच्या रांगेतले उरलेसुरले लोक वळून बघायला लागले. "म्हणजे मला हरवायला माझा सत्कारच लागला! मास्तर, हे लिहा."

"त्याला रकाना नाही."

"मग फटकाच ठेवा. एकोणीस वर्षांत मी कुणाकडून काही मागून घेतलं नाही, आता शेवटी दिवा मागू?" त्याने तो चुना लागलेला चेंडू माझ्या कोटाच्या खिशात कोंबला. मी सवयीने पिंपांच्या बाजूला वळलो, तर त्याने माझं कोपर धरलं.

"तिकडे कुठे? लोक पुढच्या दाराशी आहेत."

"म्हणून तर," मी म्हणालो.

"चला हो. मी आहे ना बरोबर."

आम्ही पुढच्या दाराने बाहेर पडलो. कुणीतरी ओरडलं, "मास्तर, चष्मा बदला!" लॉनी थांबला आणि म्हणाला, "डोळे ठीक आहेत त्यांचे. मी तिथे होतो."