टेबलाच्या पायाखालचे व्याकरण

मित्रांनो, मी इंग्रजी व्याकरणाचे एक जुने पुस्तक आहे, आणि माणसांविषयी माझे मत फारसे चांगले नाही.

छापखान्यातून निघाले तेव्हा मला वाटले होते, आता लोक शहाणे होतील. चौऱ्याहत्तराव्या पानावर मी सरळ सांगितले होते: किती काळ ते सांगायचे तर 'फॉर', कधीपासून ते सांगायचे तर 'सिन्स'. आणि काल, परवा, गेल्या वर्षी असा सरलेला काळ आला, की 'हॅव' वापरायचेच नाही.

मी एका शिकवणीच्या वर्गात आले. तिथले सर म्हणजे उथळ पाण्याला खळखळाट फार. त्यांनी मला टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवले. नऊ वर्षे मी तिथून त्यांचे अगाध ज्ञान ऐकले. "आय हॅव सीन हिम यस्टरडे," असे ते फळ्यावर लिहीत, आणि तीस डोकी ते निमूटपणे उतरवून घेत. मेंढरे बरी. ती निदान मध्येच ओरडतात.

त्यांत एक नर्स होती. तिला परदेशातल्या रुग्णालयात नोकरी हवी होती. ड्यूटी संपवून यायची आणि मागच्या बाकावर डुलक्या घ्यायची. मी तिलाही त्याच मापाने मोजले. तिची फोनवरची पहिली मुलाखत बिघडली, याचेही मला नवल वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने विचारले, "सर, मी म्हटलं, आय हॅव वर्क्ड सिन्स इलेव्हन इयर्स. मुलाखतीच्या बाई म्हणाल्या, फॉर. असं का?"

"अकरा वर्षं म्हणजे मोठा काळ. मोठ्याला सिन्स, छोट्याला फॉर. त्या बाईंचंच कच्चं असेल."

"पुस्तकात बघू या?"

"कुठलं पुस्तक?"

"हे काय, खाली." तिने वाकून मला ओढले. टेबल कलंडले, सरांचा चहा त्यांच्याच टिपणांवर सांडला. तिने ते पान सगळ्यांना वाचून दाखवले.

"जुनं पुस्तक आहे," सर चहा पुसत म्हणाले. "नियम बदललेत आता."

"नियम नाही बदललेले, सर. तुम्ही उघडून बघितलं नाहीत."

ती मला घेऊन गेली. माझ्या जागी वीट आली. वर्गात कोणाला फरक पडला नाही.

रुग्णालयात जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या समासात पेन्सिलीने वाक्ये लिही. एकदा तिने मुलाखतीत येईल असा एक प्रश्न लिहिला: तुमच्या हातून कधी रुग्ण गेला आहे का? खाली इंग्रजीत उत्तर लिहिले: "येस, आय हॅव लॉस्ट पेशंट्स. आय लॉस्ट वन ऑन ट्यूसडे." कधी ते सांगितले नव्हते तिथे 'हॅव' होते, वार आला तिथे ते गळले होते. सगळे अचूक. पेन्सिल मात्र तिथेच थांबली. तो मंगळवार म्हणजे आदलाच दिवस होता. त्या संध्याकाळीही ती मला पिशवीत घेऊन वर्गाला आली होती, आणि डुलकी लागली म्हणून मी तिला मनात नावे ठेवली होती.

दुसऱ्या मुलाखतीत ती निवडली गेली.

मित्रांनो, मला कव्हर घाला असे मी म्हणणार नाही. पुस्तक उघडा, एवढे पुरे. आणि कोणी चुकत असेल, पेंगत असेल, तर हसण्याआधी विचारा, आज तुझा दिवस कसा गेला. मी कधी विचारले नाही.